गेला तो मोजायचा

जुईली पायरीवर चप्पल काढत होती तेवढ्या वेळात वैजयंतीबाईंनी ठरवून टाकलं, की हिला हो म्हणायचं आणि मग हिला सोडायचं नाही.

"मावशी, किती वाळलात हो," जुईली आत येत म्हणाली. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"वाळले नाही, म्हातारी झाले. बस. काम सांग आधी. तू काही नुसते पेढे द्यायला घाट चढून येणार नाहीस."

जुईली हसली. पूर्वी हसायची तशीच, मान एका बाजूला टाकून. "नभांगणवर ससाण्यांची मोजणी लागली आहे. आठ दिवसांची. प्राधिकरणानं मोजणीदार सुचवायला सांगितले, मी तुमचं नाव दिलं."

"माझंच का?"

"तुमच्या आकड्यावर कोणी बोट ठेवत नाही म्हणून."

"हे मात्र खरं बोललीस," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. आधण येईपर्यंत त्यांनी आलं किसलं, आणि जरा जास्तच किसलं. हिला चहात आलं जास्त लागतं, हे त्यांच्या हातांना अजून ठाऊक होतं. त्याचा त्यांना संताप आला.

ही जुईली त्यांच्याच घरात वाढली असं म्हटलं तरी चाललं असतं. ती विद्यापीठातून तांबडसड्याला आली तेव्हा विशीतली होती. गाव डोंगराच्या माथ्यावर, जांभ्या दगडाच्या पठारावर. पावसाळ्यात तिथं फुलं, आणि कार्तिकात पिवळं गवत, ईशान्येचा वारा आणि ससाणे. कबुतराएवढे, करड्या अंगाचे अमूर ससाणे. रशिया आणि चीनच्या सीमेवरच्या नदीकाठून निघायचे, नागालँडच्या डोंगरांत पोटभर खाऊन घ्यायचे, मग सगळा देश आडवा ओलांडून इथं सह्याद्रीवर यायचे. पुढे अरबी समुद्र. त्यावरून एका दमात आफ्रिका. मध्ये टेकायला जागा नाही. छातीवर चरबी शिल्लक असेल तो पोचणार, नसेल तो पाण्यात. तांबडसड्यात त्यांना कोणी ससाणे म्हणत नसे. पाहुणे म्हणत. "पाहुणे आले का?" असं पाणवठ्यावर विचारलं जाई.

वैजयंतीबाईंचे यजमान दिगंबरराव गावचे पोस्टमास्तर. लग्न झालं त्या वर्षीच त्यांनी बायकोला घोंगडी आणि डबा घेऊन पठारावर नेलं आणि आभाळाकडं बघायला बसवलं. मोजायची त्यांची स्वतःची रीत होती. बाहेरचे लोक पक्षी डोक्यावरून गेला की मोजतात. दिगंबरराव तसं मोजत नसत. गरम हवेच्या झोतावर ससाणे चक्री धरून वर चढतात, कधी पुढे निघून पुन्हा मागच्या चक्रीत येतात. म्हणून पक्षी दुर्बिणीत धरायचा, समुद्राच्या अंगानं जाताना त्याचा ठिपका होऊ द्यायचा, आणि ठिपका पुसला गेला की एक म्हणायचं. आला म्हणून नव्हे, गेला म्हणून मोजायचा. "पाहुणा दारात आला म्हणजे पोचला असं थोडंच असतं," ते म्हणत. या रीतीनं आकडा नेहमी लहान यायचा. पण तो कधी मागं घ्यावा लागला नाही.

जुईली तीन कार्तिक त्यांच्या मधल्या खोलीत राहिली. ही रीत शिकली. कढईतलं पिठलं खरवडून खायला शिकली. दिगंबररावांना काका म्हणाली.

मग तिनं छायास्तंभ बनवला.

पक्ष्याच्या डोळ्याच्या पडद्यात एक प्रथिन असतं. त्याच्यावर निळा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉनांची एक जोडी क्षणभर सुटी होते, आणि त्या जोडीचं पुढे काय होणार हे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेवर ठरतं. याचा अर्थ, पक्ष्याला दिशा नुसती कळत नाही, ती दिसते. त्याच्या नजरेत एक फिकट सावली पडलेली असते, आणि तो मान वळवेल तशी ती सरकते. अगदी क्षीण रेडिओ लहरी सोडल्या तर ती सावली पुसते, एवढं शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. जुईलीनं पुढची पायरी गाठली. ठरावीक लहरी ठरावीक कोनातून सोडल्या तर सावली पुसत नाही, हवी तिकडं वळते. डोंगरावर एक खांब उभा करायचा. पक्ष्यांचा रस्ता बदलतो.

हेतू चांगला होता. पलीकडच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या पात्यांखाली दर वर्षी ससाणे कापले जात होते. पहिल्या खांबानं ते थांबलं. त्या दिवशी दिगंबररावांनी पोस्टात आलेल्या प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली होती.

पण पक्ष्यांना दूर लोटता येतं म्हणजे जवळही ओढता येतं, हे कोणाच्या तरी लक्षात यायचंच होतं. दोन खोरी ओलांडून एका कड्यावर नभांगण नावाचं आलिशान विश्रामगृह उभं राहिलं. तिथं आरामखुर्चीत बसून डोक्यावर हजारो ससाणे बघता येतील अशी जाहिरात झाली. प्रमुख शास्त्रज्ञ म्हणून जुईली तिथं गेली. त्या कार्तिकापासून तांबडसड्याचं आभाळ रिकामं झालं.

नेमका त्याच वर्षी दिगंबररावांना अर्धांगवायू झाला. त्यांची खाट अंगणात टाकली होती. जीभ जड झाली होती, पण रोज दोन शब्द स्पष्ट यायचे. "आले का?" वैजयंतीबाईंनी जुईलीला फोन केला. एक दुपार खांब बंद ठेव, एवढंच मागितलं. जुईली म्हणाली, "मावशी, बुकिंगं झाली आहेत हो. पुढच्या आठवड्यात बघते." पुढच्या आठवड्यात दिगंबरराव नव्हते. तेराव्याला जुईली आली आणि मनापासून रडली. तो फोन तिला आठवतही नव्हता. नाही म्हणण्यापेक्षा ते विसरणं वैजयंतीबाईंना जास्त लागलं.

"येते मी मोजायला," आल्याचा चहा पुढे ठेवत त्या आता म्हणाल्या. "गाडी पाठव."

प्राधिकरणाचा नियम कडक होता. हे पक्षी अनेक देशांचे. जिथं त्यांचा रस्ता वळवला आहे तिथं ते पुढे मार्गस्थ होतात की नाही, हे माणसानं डोळ्यांनी मोजून सांगायचं. कंपनीच्या रडारचा आकडा फक्त जोडीला. मोजणी संपेपर्यंत मोजणीदारानं आकडा कोणाला सांगायचा नाही. अपवाद एकच. पक्ष्यांच्या जिवाला धोका दिसला, तर तिथल्या तिथं सांगून खांब बंद करवायचा.

सोबत लिहिणारा म्हणून प्राधिकरणानं रेमंड फर्नांडिस यांना दिलं होतं. वसईचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, डोक्यावर कापडी टोपी. पहिल्या सकाळी गच्चीवर खुर्ची लावताना त्यांनी ओळख करून दिली.

"तीस वर्षं गाड्यांना हिरवं निशाण दाखवलं बाई. आता म्हटलं पाखरांना दाखवू. ही निदान वेळेवर तरी येतात."

"बोलताना लिहायचं राहू देऊ नका म्हणजे झालं."

"आमच्या बायकोचा आवाज तुमच्यासारखाच आहे," फर्नांडिस म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढू लागले.

ऊन तापलं तसे ससाणे आले. वैजयंतीबाईंनी किती दिवसांनी ते बघितले. कड्याखालून एकेक चक्री वर उठली, करडे नर, पोटावर पट्टे असलेल्या माद्या, आणि बरीचशी यंदाचीच पिल्लं. गच्चीवर पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यांच्या चष्म्यांच्या काचांवर प्रत्येक पक्ष्याचं नाव आणि वय उमटत होतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर रडारचा आकडा पळत होता. क्षणभर त्या सगळं विसरल्या. त्यांचा हात शेजारच्या खुर्चीकडे गेला, आणि तिथं फर्नांडिसांची टोपी होती.

मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. आपल्या रीतीनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एक मादी दुर्बिणीत धरली. तिच्या शेपटीचं मधलं पीस गळालेलं होतं, उघडली की फट दिसायची. ती डोक्यावरून गेली, पडद्यावरचा आकडा एकानं वाढला. वैजयंतीबाईंनी तिचा ठिपका होऊ दिला. ठिपका पुसला गेला नाही. डोंगराच्या खालच्या सोंडेवर दुसरा खांब होता, नवा. त्याच्या पलीकडे गेल्याबरोबर ती घुटमळली, वळली आणि परत मोठी होत आली. चक्रीत शिरली. वर चढली. पुन्हा डोक्यावरून गेली. आकडा आणखी एकानं वाढला. तासाभरात तीच मादी त्यांनी पाच वेळा बघितली.

त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. काय झालंय ते त्यांना कळलं. पाहुण्यांना जास्त वेळ बघायला मिळावं म्हणून दुसरा खांब रोवला होता, आणि दोन खांबांच्या लहरी एकमेकींत मिसळून पलीकडे सावली पुरती उलटी पडत होती. पुढचं मागं होत होतं. जाणता पक्षी सूर्य बघतो, डोंगराची रांग ओळखतो. त्यातले थोडे निसटत होते. पण यंदाच्या पिल्लांना त्या सावलीखेरीज दुसरा वाटाड्या नव्हता, आणि मोठेही थव्याला सोडत नव्हते. सगळे इथंच फिरत होते. समुद्रासाठी बांधून आणलेली चरबी या गच्चीवर जाळत होते.

"काय लिहू?" फर्नांडिसांनी विचारलं.

"अकरा."

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

फर्नांडिसांनी पडद्याकडं बघितलं, मग बाईंकडं. मग अकरा लिहिलं.

संध्याकाळी जुईली आपणहून आली. हातात शाल होती. वारं सुटलंय म्हणून तिनं ती मावशींच्या खांद्यावर घातली आणि शेजारी कठड्यावर बसली. "मावशी, आकडा विचारत नाही. नियम माहीत आहे मला. पण काही वावगं दिसलं तर सांगाल ना? मालकांनी घाई केली, दुसरा खांब मला नीट तपासून बघताच आला नाही. रडार तर फारच जास्त दाखवतंय. आनंद व्हायला हवा, पण मला आत कुठेतरी बरं वाटत नाही."

एक वाक्य पुरेसं होतं. ते वैजयंतीबाईंच्या जिभेवर आलंही होतं. जुईलीनं ते ऐकलं असतं, पळत जाऊन खांब बंद केला असता, चूक दुरुस्त केली असती आणि पुढच्या वर्षी पुन्हा परवाना घेतला असता. उलट तिचं नाव आणखी झालं असतं. नभांगण चालू राहिलं असतं. तांबडसड्यावरचं आभाळ रिकामंच राहिलं असतं.

"तू शास्त्रज्ञ," त्या म्हणाल्या. "मी काय सांगणार तुला?"

"असं काय बोलता."

"झोप जा. दमलेली दिसतेस."

ती गेल्यावर फर्नांडिस म्हणाले, "पोरगी वाईट नाही."

"मी कुठं म्हटलं वाईट आहे?"

"मग तोंड का नाही उघडलंत? कलम आहे बाई. जिवाला धोका."

"मेलेला पक्षी बघितलात तुम्ही?"

"अजून नाही."

"मग लिहिण्यापुरतं बघा."

चौथ्या दिवशी मेलेला पक्षी मिळाला. माळी पाहुणे उठायच्या आत हिरवळ झाडायचा, त्याच्या घमेल्यात पानांखाली फर्नांडिसांना तो दिसला. त्यांनी उचलून आणला आणि वैजयंतीबाईंच्या मांडीवरच ठेवला. पिल्लू होतं. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं, दोन्ही बाजूंना मांस म्हणून नव्हतंच. हाताला वजन लागत नव्हतं.

"आता?" फर्नांडिस म्हणाले.

त्या बराच वेळ बोटानं त्याची पिसं सारखी करत राहिल्या. असे पक्षी त्यांनी पवनचक्क्यांच्या खाली वेचले होते, दिगंबररावांनी एकेकाला पठारावर खड्डा करून पुरलं होतं. आत्ता उठावं, जिना उतरावा, असं त्यांना वाटलं, आणि त्या अर्ध्या उठल्यासुद्धा. तेवढ्यात खालच्या हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या. मालक पाहुण्यांना जुईलीची ओळख करून देत होते. या बाईंनी आभाळाचा रस्ता वळवला, असं काहीतरी. तिचं ते मान टाकून हसणं वरपर्यंत आलं.

त्या खाली बसल्या. अर्धवट आकडा कोणीही खोडून काढेल. आठही दिवसांचा झाला की त्यातून सुटका नाही.

"चार दिवस राहिलेत," त्या म्हणाल्या. "मग सगळं एकदम बंद पडेल. इथलेच नाही, सगळीकडचे खांब."

"आणि हे चार दिवस?"

त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. फर्नांडिसांनी पक्षी उचलला, आपल्या टोपीत ठेवला आणि ते खाली गेले. त्यानंतर त्यांनी एकही विनोद केला नाही. "किती" एवढंच विचारायचे. कलम त्यांनाही लागू होतं का, हे त्यांनी प्राधिकरणाला फोन करून विचारलं. धोका ठरवायचा अधिकार मोजणीदाराचा, लिहिणाऱ्याचा नाही, असं उत्तर आलं. ते त्यांनी बाईंना सांगितलं. आवाज न चढवता.

माळ्याचं घमेलं रोज जड होत गेलं. वैजयंतीबाई दिवसभर दुर्बीण डोळ्याला लावून बसत. फट पडलेल्या शेपटीची ती मादी सहाव्या दिवसापर्यंत त्यांना दिसत होती. सातव्या दिवशी दिसली नाही. गेलेल्यांत मोजावी की नाही हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी नाही मोजली.

शेवटच्या संध्याकाळी प्राधिकरणाच्या अधिकारी श्रीमती इनामदार आल्या. हॉलमध्ये मालक होते, पाहुणे होते, पुढच्या रांगेत जुईली. पडद्यावरचा आकडा लाखांच्या घरात होता. इनामदारांनी पाकीट फोडून मोजणीदाराचा आकडा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"चौऱ्याऐंशी?"

"चौऱ्याऐंशी," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तेवढेच पुढे गेले. बाकीचे तेच ते आहेत. तुमच्या गच्चीभोवती आठ दिवस फिरताहेत. तुमचं रडार एकाच पक्ष्याला शंभरदा मोजतंय. खात्री करायची असेल तर माळीबुवांचं घमेलं मागवा."

मालक मोठमोठ्यानं बोलू लागले. इनामदारांनी हात वर करून त्यांना थांबवलं, फर्नांडिसांना दोन प्रश्न विचारले, माळ्याला बोलावलं. घमेलं आलं. कोणीतरी बाई तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली. पुढचं सगळं भराभर झालं. खांब तिथल्या तिथं बंद. नभांगणचा परवाना रद्द. देशातले सगळे छायास्तंभ चौकशी होईपर्यंत थांबवावेत अशी शिफारस. स्तंभाच्या निर्मातीवर निष्काळजीपणाचा ठपका, यापुढे तिला कोणत्याही पक्षीमार्गाचं काम नाही.

जुईली उभी राहिली नाही. ती घमेल्याकडे बघत होती. वैजयंतीबाई तिचा चेहरा बघत होत्या. हाच चेहरा बघायला त्या आल्या होत्या. त्यांना फार बरं वाटलं. बरं वाटत नाही असं त्या स्वतःला सांगू शकल्या नाहीत.

सकाळी त्या सामान आवरून गच्चीवर आल्या तेव्हा जुईली कठड्याशी उभी होती. रात्रभर झोपलेली नव्हती. लहरी थांबल्यामुळे ससाण्यांना आपली सावली जागेवर सापडली होती. ऊन चढताच ते चक्री सोडून समुद्राच्या अंगानं निघाले होते. एकामागून एक, कोकणावर खाली उतरत. पूर्वी इतके खालून जात नसत.

"मावशी," जुईली वळून न बघता म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"मी त्याच संध्याकाळी आले होते तुमच्याकडे."

"हो."

"तुम्ही सांगितलं असतंत तर मी तिथल्या तिथं बंद केलं असतं."

"माहीत आहे मला. म्हणून तर नाही सांगितलं."

मग जुईलीनं त्या जुन्या फोनचं विचारलं. तो तिला रात्री आठवला होता. "काकांसाठी?" ती म्हणाली.

"त्यांच्यासाठी."

"काका असते ना मावशी, तर दुसऱ्याच दिवशी जिना उतरून खाली आले असते. माझ्या थोबाडीत मारली असती आणि स्वतःच्या हातानं खांब बंद केला असता. नंतर माझ्याशी बोलले असते. तुमच्याशी कधी बोलले नसते."

ते खरं होतं, आणि हे ओळखण्याइतकं दिगंबररावांना जवळून बघितलेलं त्या दोघींखेरीज दुसरं माणूस आता जगात उरलं नव्हतं.

खाली फर्नांडिस गाडीत बसून गेले. निरोप घ्यायला वर आले नाहीत. मोजणी संपली होती, कोणी मोजायला सांगितलेलं नव्हतं. तरी वैजयंतीबाईंनी दुर्बीण काढली, एक पिल्लू धरलं आणि त्याचा ठिपका होऊ दिला. ते वळलं नाही. ठिपका पुसला गेला.

"एक," त्या म्हणाल्या.

जुईली जायला निघाली होती. जिन्यापाशी थांबून तिनं विचारलं, "यातले किती पोचतील पलीकडे?"

"निम्मे तरी नाही पोचायचे," वैजयंतीबाई म्हणाल्या. दुर्बीण त्यांनी खाली घेतली नाही. आभाळात अजून पुष्कळ होते.